बर्फातून आलेला डबा

आकिता, जपान
७ जानेवारी २०२६

ती. आई,
साष्टांग नमस्कार.

पोचले. तुम्ही बजावलं होतंत तसं आधी हे लिहिलं, आता बाकीचं. फोनवर मी "बरी आहे" म्हणते, तुम्ही "बरी आहे" म्हणता आणि दोघी खोटं बोलून फोन ठेवतो, म्हणून पत्रच पाहिजे, ही तुमची अट विमानतळावर मला जरा जाचक वाटली होती. पण बाबांची आणि नंतर संग्रामची बोटीवरून येणारी पत्रं वाचण्यात तुमची हयात गेली. तेव्हा या विषयात तुमच्याशी वाद घालणारी मी कोण?

टोकियोहून ओमागारीपर्यंत वेगाची गाडी, तिथून पुढे दोन डब्यांची आगगाडी आणि शेवटी एक बस. बसमध्ये मी आणि ड्रायव्हर. दोन्ही बाजूंना बर्फ इतका उंच की गाव आलं ते मला दिसलंच नाही, ड्रायव्हरनं मागे वळून सांगितलं. आमच्या कंपनीला पुढच्या हिवाळ्यात सिंगापूरची माणसं इथं सहलीला आणायची आहेत. त्यांनी राहायचं कुठे, खायचं काय आणि वयस्कर माणसांना बर्फात कसं फिरवायचं, हे मी दोन महिन्यांत ठरवायचं. सध्या माझं मलाच फिरवता येत नाही. पहिल्याच दिवशी दोनदा आपटले.

घरमालकीण कुमागाई-सान म्हणून आहेत. सत्तरी उलटलेली बाई, एकट्याच असतात, पाठीत वाकलेल्या पण चपळ. मला जेमतेम जपानी येतं आणि त्यांची बोली तर फोनच्या भाषांतरालासुद्धा कळत नाही, त्यामुळे आमचं सगळं हातवाऱ्यांवर चालतं. खोलीत एक बुटकं टेबल आहे. त्याच्या पोटाशी हीटर आणि वरून चहूबाजूंनी रजई. पाय आत घालून बसायचं. एकदा बसलं की उठायला शरीर तयार होत नाही.

संग्रामचा तपकिरी स्वेटर घातला आहे. सिंगापूरच्या घामात बसून तुम्ही तो विणलात तेव्हा मी हसले होते. आता हसत नाही.

काल संध्याकाळी कुमागाई-सान एका काळ्या लाकडी डब्यातून मुळ्याचं लोणचं देऊन गेल्या. इथे मुळे घरात टांगून लाकडाच्या धुरावर सुकवतात आणि मग भाताच्या कोंड्यात मुरवतात. तोंडात टाकलं आणि चुलीवर भाजलेल्या वांग्याचा वास आला. आज डबा धुऊन, पुसून परत द्यायला निघाले आणि त्यांच्या दाराशीच थबकले. तुम्ही दिलेल्या तिळाच्या वड्या आठवल्या. परत फिरले, चार वड्या आत ठेवल्या आणि मग दार वाजवलं.

तुमची,
चैताली


पुंगोल, सिंगापूर
१६ जानेवारी

चि. चैताली,
आशीर्वाद. आणि कानटोपी घाल.

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं, चौथ्यांदा नोराइनीला वाचून दाखवलं. तिला मराठीतलं ओ की ठो कळत नाही, पण शेजारीण म्हणून ऐकून घेतलं बिचारीनं. तू दोनदा आपटलीस हे मात्र मी तिला हातानं करून दाखवलं, तेव्हा फार हसली.

वड्या घातल्यास हे चांगलं केलंस. लग्न होऊन आलीस तेव्हाची गोष्ट आठवते का? नोराइनीच्या घरून ओंदे-ओंदे, ते गूळ भरलेले हिरवे गोळे, आले होते, आणि दुसऱ्या दिवशी तू तिचा डबा लखलखीत घासून रिकामा परत द्यायला निघालीस. मी ओल्या हातांनी कॉरिडॉरभर तुझ्यामागे धावले होते. संग्राम दारात उभा राहून म्हणाला, "आई, आग लागलीये का?" मी म्हटलं, त्याहून वाईट.

संक्रांत झाली. मजल्यावर सगळ्यांना तिळगूळ दिला. तू नव्हतीस म्हणून वड्या थापताना जरा जाड झाल्या. गुडघा ठीक आहे. सकाळी कालव्याच्या कडेनं फिरून येते, एलआरटीच्या दोन स्टेशनांएवढं होतं.

साताऱ्याहून सुबोधमामाचा फोन आला होता. वरचा मजला रंगवून घेतलाय म्हणे, "ताई, आता तरी ये राहायला." धाकटा भाऊ झाला तरी हट्ट मोठ्या भावासारखा करतो. मी म्हटलं, बघू.

एक विचारते, खरं सांग. तुला तिकडे आवडलंय ना? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझी आई


आकिता
२६ जानेवारी

ती. आई,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या तिळाच्या वड्यांनी मला संकटात टाकलं आहे. कुमागाई-सान डबा घेऊन आत गेल्या, वड्या पाहिल्या आणि तोंडावर हात ठेवून काहीतरी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी डबा हजर! आत सुकवलेली तांबडी फळं. मग मी चिवडा भरून दिला. परवा तो डबा भाताच्या वड्या घेऊन आला. मी बेसनाच्या लाडवांचे शेवटचे दोन दिले. आज त्यात उकडलेले कंद आहेत.

शेवटी बसस्टॉपजवळच्या दुकानातल्या मुलीला इंग्रजी येतं, तिला मध्ये घालून विचारलं. ती हसत सुटली. म्हणाली, इथंसुद्धा डबा रिकामा परत करत नाहीत. जुन्या बायका काहीच नसलं तर निदान एक आगपेटी टाकून देतात. आम्ही साखर घालतो, म्हटलं. हे कुमागाई-सानना सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरून दोनदा मान हलवली. तेव्हा कळलं की आम्हां दोघींपैकी कुणीच थांबणार नाही. माझ्याकडे आता फक्त चहाचा मसाला उरला आहे. काहीतरी पाठवा.

बर्फ फार पडतोय. छपरावर साचला की घर दबतं, म्हणून वर चढून फावड्यानं खाली लोटावा लागतो. गावाचा एक नियम कडक आहे. छपरावर एकट्यानं चढायचं नाही. खाली कुणीतरी उभं पाहिजे. त्या माणसानं फावडं धरायचं नाही, काही उचलायचं नाही, फक्त अधूनमधून हाक मारायची आणि वरच्यानं ओ द्यायची. रविवारी शेजारच्या गृहस्थांबरोबर मीही हौसेनं चढले. खाली कुमागाई-सान. "चाइतारी-सान!" त्या ओरडायच्या, मी वरून "हाय!" वीस हाका तरी मारल्या असतील. त्या भानगडीत स्वेटरची बाही फावड्याच्या खिळ्यात अडकली आणि उसवली. मी रडवेली झाले. त्यांनी स्वेटर काढून घेतला आणि सकाळी विणून परत दिला. तपकिरी लोकर नव्हती, म्हणून कोपरावर निळी आहे.

तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं लिहिते. रमले आहे मी इथे. सकाळी खिडकी उघडली की सगळं पांढरं, आणि आवाज कसलाच नाही. दोन वर्षांनी पहिल्यांदा सलग झोप लागते. संग्रामची बोट एकदा आकिताच्या बंदराला लागली होती, त्यानं डेकवरच्या बर्फाबद्दल लिहिलं होतं ना तुम्हाला? "आईला एकदा हे दाखवायचं," असं होतं त्यात. मला तेच आठवतं रोज. पण आठवून दुखत नाही इतकं.

चैताली


पुंगोल
५ फेब्रुवारी

चि. चैताली,
आशीर्वाद.

तपकिरीवर निळी! तुझ्या कुमागाईबाईंना म्हणावं, विचारलं असतंत तर लोकर पाठवली असती. असो. टाके कसे आहेत ते नीट बघून सांग. उलटे-सुलटे सारखे आले असतील तर बाईला विणकाम येतं, आणि मग माझं काही म्हणणं नाही.

रमलीस हे वाचून फार बरं वाटलं गं. खरंच फार बरं वाटलं. झोप लागते हे वाचून तर देवापुढे साखर ठेवली.

सोबत शेव, चकल्या आणि गुळाच्या पोळ्या पाठवल्या आहेत. पोळ्यांमध्ये कागद घातलाय, काढून खा.

इकडे आवराआवर काढली आहे. किती पसारा असतो माणसाचा! नोराइनीचा काचेचा डबा कधीचा आपल्याकडे होता, तो शिरा भरून देऊन टाकला. मजल्यावरच्या मिसेस टॅनचा गेल्या वर्षीचा अननसाच्या टार्टचा डबा होता, त्यात चिवडा घालून तोही दिला. सुलेखाचं पुरणयंत्र तर तीन वर्षं आपल्या माळ्यावर. मुद्दाम एमआरटीनं सेरंगूनला जाऊन पोचवून आले. ती म्हणाली, "अहो, कशाला एवढी घाई, होळीला लागेल की तुम्हालाच." तुळस नोराइनीच्या दाराशी ठेवली आहे, तिथे ऊन चांगलं येतं. तिला पाणी किती घालायचं ते शिकवलंय. घर कसं मोकळं मोकळं झालंय.

तुझ्या कंपनीला तिथे वर्षभरासाठी कुणी माणूस हवं होतं ना? मिळालं का कुणी? आपलं सहज विचारलं.

पाय गरम ठेव.

आई


आकिता
१३ फेब्रुवारी

आई,

आज नमस्कार नाही, आधी भांडण.

तुमचं पत्र वाचून हसत होते. विणकामाचं कुमागाई-सानना सांगितलं, त्यांनी बाही उलटी करून दाखवली. टाके सारखे आहेत. मग त्यांना तुमच्या गुळाच्या पोळ्या भरून दिल्या. डबा भरताना अचानक हात थांबला.

कॉरिडॉरमधून ओल्या हातांनी धावलात त्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलं होतंत? म्हणालात, "शेजारणीचा एक डबा आपल्याकडे आणि आपला एक तिच्याकडे, असं नेहमी राहिलं पाहिजे. सगळे डबे ज्याच्या त्याच्या घरी गेले की समजावं, कुणीतरी घर सोडून चाललंय."

आई, तुम्ही सगळ्यांचे डबे परत केलेत. सुलेखाताईंचं पुरणयंत्र होळीच्या तोंडावर परत केलंत. तुळस दुसऱ्याच्या दारात ठेवलीत आणि तिला पाणी घालायला शिकवलंत. आणि सुबोधमामांबद्दल यावेळी एक अक्षरही नाही. जी बाई भावाच्या घराच्या रंगाची बातमी देते, ती पुढच्या पत्रात त्याचं नावसुद्धा काढत नाही?

फोन हातात घेतला होता, ठेवून दिला. फोनवर तुम्ही "काही नाही गं" म्हणाल. लिहून तुम्हाला खोटं बोलता येत नाही, एवढं मला माहीत आहे. तेव्हा लिहा. साताऱ्याला जायचं ठरवलंय का? आणि का?

हे पत्र जलद टपालानं पाठवते आहे. तुम्हीही तसंच पाठवा.

चैताली


पुंगोल
१९ फेब्रुवारी

चि. चैताली,

पकडलंस. मीच शिकवलेलं माझ्यावर उलटलं.

हो, जायचं ठरवलं आहे. तू दहा मार्चला येतेस, मी पंधरा मार्चचं तिकीट काढलंय. तुला दारातून आत घ्यायचं, गरम गरम जेवायला घालायचं आणि मग सांगायचं, असा बेत होता. आधी सांगितलं असतं तर तू तिकडून धावत आली असतीस, आणि रमलेली मुलगी मला उठवायची नव्हती.

आता का ते. डिसेंबरात तू स्वयंपाकघरात उभी राहून तुझ्या त्या साहेबाशी, दीपेशशी, फोनवर बोलत होतीस. मी देवाजवळ वाती करत होते. वर्षभरासाठी जपानला जाण्याबद्दल तो विचारत असावा. तू म्हणालीस, "घरी आई आहेत, जमायचं नाही." एवढंच. आवाजात राग नव्हता की काही नव्हतं. सरळ सांगून टाकलंस. आणि माझ्या हातातली वात तशीच राहिली.

तू अजून चाळिशीचीही नाहीस. तुझ्यापुढे केवढं आयुष्य आहे. संग्राम गेला तेव्हा सगळे म्हणाले, सून माहेरी जाईल. तू गेली नाहीस. माझी औषधं, माझा गुडघा, माझे उपास, सगळं तू बिनबोभाट केलंस. पण मी रोज बघते ना. तू ऑफिसातून येतेस, माझ्याजवळ बसतेस, मला हसवतेस आणि मग खोलीत जाऊन दार लावून घेतेस. ज्या नात्यानं तू या घरात आलीस तो माणूसच राहिला नाही, तर माझा तुझ्यावर हक्क कसला? मी इथे असेपर्यंत तू प्रत्येकाला "घरी आई आहेत" असंच सांगणार. मला तुझ्या पायातली बेडी होऊन मरायचं नाही. आणि तू लिहिलंस, तिकडे झोप लागते. त्या दिवशीच तिकीट काढलं.

रागावू नकोस. सातारा काही वाईट नाही. हवा चांगली आहे.

चिनी नवीन वर्ष झालं. मिसेस टॅननी संत्री दिली, आणि टार्टसुद्धा. डब्यात नाही, कागदी पिशवीत दिले. बहुतेक तिच्याही लक्षात आलंय.

तुझी आई


आकिता
२५ फेब्रुवारी

ती. आई,
साष्टांग नमस्कार. भांडण संपलं.

हे पत्र पार्सलबरोबर येत आहे. पार्सल आधी उघडू नका. अर्थात उघडलंच असणार.

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. मी तसंच म्हणाले होते. पण तेव्हा मला जायची भीती वाटत होती, आई. वर्षभर परक्या देशात एकटीनं राहायचं, संध्याकाळी कुलूप उघडून अंधाऱ्या खोलीत शिरायचं, ही कल्पनाच नको वाटत होती. दीपेशला हे कसं सांगू? म्हणून तुमचं नाव पुढे केलं. शाळेत पोट दुखतं म्हणून सांगायचं तसं. तुम्ही ते ऐकत होतात हे माहीत असतं तर जीभ चावली असती.

आणि इथे झोप का लागते, तेही तुम्ही चुकीचं वाचलंत. मी रात्री पांघरुणात शिरते तेव्हा मनात तुमचं पुढचं पत्र जुळवत असते. आई याला काय म्हणतील, हे वाचून नोराइनीला काय करून दाखवतील. त्यातच डोळा लागतो. तुम्ही साताऱ्याला गेलात तर मी हे सगळं कुणाला सांगू?

छपरावरच्या बर्फाचं लिहिलं होतं ना? गेली दोन वर्षं मी छपरावर होते. खाली उभं राहून तुम्ही हाका मारत होतात. "जेवलीस का", "छत्री घेतलीस का", "उशीर का झाला". मला कधी कधी कंटाळा यायचा, ओ देताना चिडायचेसुद्धा. पण त्या हाकांमुळे मी पडले नाही. हक्क कसला म्हणता? संग्राम मध्ये नसला तरी तुम्ही माझ्या आई आहात. मला तुमच्याबरोबर राहायचं आहे. हे मी तोंडानं कधी म्हटलं नाही, ही माझी चूक.

आता तुम्हाला इथली गोष्ट सांगते. गेल्या आठवड्यात योकोतेला बर्फघरांचा सण होता. माणसाहून उंच बर्फाचे ढीग रचतात, आतून कोरून खोली करतात, भिंतीत कोनाडा करून पाण्याच्या देवाची पूजा मांडतात. आत लहान मुलं शेगडीवर भाताच्या वड्या भाजत बसलेली असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "या ना आत, या ना" अशी हाक मारतात. बूट काढून आत जायचं, देवाला नमस्कार करायचा, मुलं गोड गरम पेय देतात. कुमागाई-सान मला आणि त्या दुकानातल्या मुलीला घेऊन गेल्या. एका बर्फघरात तीन मुली होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, तू इतक्या लांबच्या देशातून एकटीच आलीस का? माझ्या आधी कुमागाई-साननीच उत्तर दिलं. दुकानातल्या मुलीनं मला सांगितलं, त्या म्हणाल्या, "हिची आई पुढच्या वर्षी येणार आहे." मुलीनं लगेच सरकून शेजारी जागा केली, जणू तुम्ही बाहेर बूटच काढत होतात.

मी दीपेशला कळवलं आहे. वर्षभर नाही, पण पुढच्या हिवाळ्यात दोन महिने मी येईन. वयस्कर माणसांना बर्फात फिरवता येतं का, ते एका वयस्कर माणसाला फिरवून बघायला हवं. तसं माणूस माझ्याकडे आहे, असंही लिहिलं आहे. तो हो म्हणाला.

पार्सलमध्ये तो काळा डबा आहे. मी पोळ्या घालून दिला होता, तर कुमागाई-साननी लोणचं भरून आणला आणि माझ्या हातात दिला नाही. पत्ता लिहा म्हणाल्या, डबा आईंना जाऊ दे. मग एकेक शब्द सांभाळून पुढचं सांगितलं. हा डबा त्यांच्या सासूचा आहे. पोस्टानं परत पाठवायचा नाही. आणून द्यायचा.

पण आई, पंधरा तारखेचं तिकीट तुमचं आहे. जायचं तर जा, मी अडवणार नाही. तुम्ही साताऱ्याला गेलात तर डबा मी नेऊन देईन. फक्त एवढं ठरवताना माझ्यासाठी म्हणून जाऊ नका.

चैताली


पुंगोल
३ मार्च

चि. चैताली,
अनेक आशीर्वाद.

तू निघण्याआधी हे पोचेल की नाही देव जाणे. पोचलं नाही तर कुमागाईबाई तुला पाठवून देतील. त्यांना तेवढीच माझी सही दिसेल.

पार्सल आधी उघडलं. लोणचं कालच खाल्लं, वरणभाताबरोबर. वांग्याचा वास खरा आहे. डबा हातात घेऊन बराच वेळ बसले. एका कोपऱ्यात लाखेचा थर उडालाय, तिथे बोटाची जागा झाली आहे. कुणाकुणाची बोटं तिथे टेकली असतील! सासूचा डबा परक्या घरी पाठवणारी बाई साधी नसणार. तिच्यासमोर बसून मला तिचे टाके बघायचे आहेत.

तुझं पत्र वाचून रडले. लिहून टाकते, नाहीतर येऊन तू विचारशील. संग्राम गेल्यावर मला वाटायचं, आता मला आई म्हणणारं कुणी उरलं नाही. तू रोज म्हणत होतीस, आणि मला ते सवयीचं वाटत होतं.

सुबोधला फोन केला. म्हटलं, बाबा रे, वरचा मजला भाड्यानं दे. थोडा रुसला. मग विचारतो, "ताई, जपानला थंडी किती असते?" म्हटलं, तुझ्या महाबळेश्वरला लाजवेल इतकी. तिकीट रद्द केलं.

आता काळ्या लोकरीचं बघते. माझ्यासाठी स्वेटर विणायचाय. माझ्या वयाला काळाच बरा. कोपरावर पहिल्यापासूनच निळी लोकर लावणार आहे, उसवण्याची वाट कशाला बघायची?

आज संध्याकाळी नोराइनीकडे गेले. तुळस उचलून आणली. मग म्हटलं, तुझा तो काचेचा डबा दे. ती गोंधळली. तिचे रोजे चालू आहेत, घरात अजून काही शिजलं नव्हतं. "आंटी, एम्प्टी बॉक्स लाह, हाऊ कॅन गिव्ह?" म्हणून डबा पाठीमागे धरून उभी राहिली. म्हटलं, दे. तसाच दे.

एवढ्या आयुष्यात कुणाच्या घरून रिकामा डबा मागून आणायची ही माझी पहिली वेळ. कॉरिडॉरमधून तो पोटाशी धरून चालत आले, आणि आपल्या ओट्यावर ठेवला. उद्या तिचा रोजा सुटायच्या वेळेला शिरा भरून देईन. तू येशील तोवर ती तो तिचं काहीतरी भरून परत आणेल, आणि पुन्हा तिचा डबा आपल्याकडे असेल.

दार मी उघडेन. किल्ली शोधत बसू नकोस.

तुझी आई